आरएक्स १०० घ्यावी की सीडी १००?

जळगाव-धुळ्याकडे जुनी जपानी वळणाची मोटारसायकल घ्यायची म्हटली, की वाद या दोघींवरच येतो. दोन्ही १९८५ला बाजारात आल्या. यामाहा आरएक्स १०० टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइलही जाळणारी, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती. वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे लळिंग घाटात अशी सुटते की बस्स! १९९६ला उत्पादन थांबलं, आता चांगल्या गाडीला मालक म्हणेल तो भाव. पण जपून. सायलेन्सर नकली, झिजलेला सिलिंडर दोनदा बोअर केलेला (आतून घासून मोठा केलेला), चेसिस नंबर घासलेला, असाही माल फिरतो. कागद आधी, किक नंतर.

हीरो होंडा सीडी १०० फोर-स्ट्रोक, ९७ सीसी. धूर नाही, रुबाबही नाही. दुधाचे कॅन लादून लोकांनी ती झिजवली, म्हणून धड अवस्थेतली सापडणंच कठीण. मी तीच शोधतोय. आरएक्सचा आवाज काय, शेजारच्या गल्लीतून फुकट ऐकू येतो.