माशिमोनच्या दर्शनाला: सांतियागो आतित्लानमधल्या गाइडचा अनुभव

ग्वाटेमालात पानाहाचेलहून लाँचने आतित्लान सरोवर ओलांडलं की सांतियागो आतित्लान लागतं. धक्क्यावर पाय ठेवताच ‘माशिमोन? माशिमोन?’ करत माणसं गोळा होतात. आम्ही अर्ध्या दिवसासाठी स्थानिक त्सुतुहिल, म्हणजे इथल्या माया समाजातला, गाइड आधीच ठरवला होता, ते बरं झालं. हा देव दरवर्षी मुक्काम हलवतो. ईस्टरचा पवित्र आठवडा उलटला की तो कोफ्रादियातल्या, म्हणजे त्याची सेवा करणाऱ्या मंडळातल्या, दुसऱ्या कुणाच्या घरी जातो. त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्यांचा पत्ता यंदा चालत नाही.

आमचा गाइड थेट देवाकडे गेलाच नाही. वाटेत त्याने खिशातून काही लालभडक बिया काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. मी लाकूड कोरते, झाडं ओळखते. बघताक्षणी म्हटलं, हा तर पांगाऱ्याचा भाऊबंद! इथे त्याला त्सिते म्हणतात. याच बिया मांडून इथले जाणकार कौल लावतात, आणि माशिमोनही याच लाकडाचा.

मग चालता चालता त्याने ‘पोपोल वुह’मधली गोष्ट सांगितली. हा ग्रंथ शेजारच्या किचे लोकांचा, आमचा नव्हे, हे त्याने आधी स्पष्ट केलं. मला ते फार आवडलं. देवांनी आधी मातीची माणसं केली, ती विरघळली. मग त्सितेचा पुरुष केला. तो बोलायचा, चालायचा, पण त्याला काळीज नव्हतं, आपल्याला कुणी घडवलं याची आठवण नव्हती. महापूर आला, आणि या लाकडी माणसांचीच मडकी, दळायची जाती, कुत्री त्यांच्यावर उलटली. उरले ते माकडं झाले. खरा माणूस झाला तो पुढे, मक्याच्या पिठाचा. ‘श्मुकाने’ नावाच्या आजीने तो मका नऊ वेळा दळला होता.

मी विचारलं, मग ज्या लाकडाचा माणूस फसला त्याच लाकडाचा देव कसा? तो म्हणाला, पूर्वजांनी रानात झाडाझाडाला विचारलं, त्सितेने होकार दिला. वर त्याने शिबाल्बाची, पाताळाची, गोष्ट जोडली: तिथले मृत्युदेव पाहुण्यांची फजिती करायला ओळीत आधी दोन लाकडी बाहुले बसवत. हुनाहपू आणि श्बालान्के या जुळ्यांनी डास पुढे पाठवला. बाहुल्यांना डास चावला तरी ते गप्प, खरे देव मात्र कळवळून एकमेकांना नावाने हाका मारू लागले. लाकूड बोलतं की नाही, इथेच सगळा निवाडा.

हे डोक्यात घेऊन त्या अंधाऱ्या खोलीत शिरले. कंबरेएवढी मूर्ती, गळ्यात रुमालांवर रुमाल, डोक्यावर टोप्या, तोंडात चिरूट. शेजारी बसलेला सेवेकरी दर थोड्या वेळाने हलक्या बोटांनी राख झटकत होता, घरातल्या म्हाताऱ्या आजोबांची झटकावी तशी. या देवाचं इथलं नावच रिलाह माम, त्यातला माम म्हणजे आजोबा. गाइडने आम्हाला कोपऱ्यात उभं केलं आणि एका बाईचं गाऱ्हाणं संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. एवढ्यासाठीच मी या माणसाची शिफारस करीन.

तक्रारी दोन. आत जायचे आणि फोटोचे वेगळे केत्साल (इथलं चलन) द्यावे लागतात, हे त्याने ठरवताना सांगितलं नाही. ऐन दारात सुट्ट्यांची शोधाशोध झाली. आणि चर्चला जेमतेम दहा मिनिटं दिली. तिथली मुख्य वेदी भूकंपांत पडझड झाल्यावर गावातल्याच त्सुतुहिल कारागिरांनी नव्याने कोरली. डोंगर चढणारी माणसं, मका, सगळं त्यात आहे. पटाशीच्या खुणा नीट बघायला मला एक तास हवा होता. तुम्हीही आधीच मागून घ्या.

लाँच सकाळचीच धरा. दुपारकडे शोकोमिल वारा सुटला की लाटा थेट अंगावर येतात.