आलिशान विद्युत गाडी आणि तिचे अ‍ॅडास : पुण्यातील वर्षभराचा अनुभव

बाणेरहून भोसरीच्या कारखान्यात रोजची ये-जा, कामानिमित्त वरचेवर मुंबई आणि सणावाराला कोल्हापूर असा वापर असलेली एक जर्मन विद्युत गाडी वर्षभरापासून आमच्याकडे आहे. तिची किंमत एक कोटीच्या पुढे आहे. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या श्रेणीतील बहुतेक गाड्यांना थोड्याफार फरकाने लागू पडते. गाडी विजेवर चालते म्हणून काय सोसावे लागते, असा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. गाडी स्वतःहून किती चालते, म्हणजे तिचे अ‍ॅडास (चालकाला सहाय्य करणाऱ्या यंत्रणा) किती कामाचे, असा प्रश्न त्याहून उत्साहाने विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र लांबणार आहे.

आधी विजेविषयी. एका चार्जमध्ये गाडी किती जाईल याचा घोषित पल्ला आणि प्रत्यक्ष पल्ला यांत बरेच अंतर आहे, हे आता कोणाला नवीन राहिलेले नाही. घोषित पल्ल्याचे प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, आणि तिच्या कुंपणालगत रोज सकाळी फिरणाऱ्या पुणेकरांनी तरी त्या आकड्यामागची चाचणी समजून घ्यायला हरकत नाही. भारतीय चाचणी-चक्रात गाडीचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि तोही थोडाच वेळ. द्रुतगती मार्गावर आपण सलग १००च्या मर्यादेलगत चालवतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे शहरात समाधानकारक वाटणारा पल्ला महामार्गावर झपाट्याने आखडतो. मुंबईला जाताना आणि येताना खर्च सारखा नसतो, हेही लक्षात ठेवावे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि या गाडीचे वजन अडीच टनांच्या घरात आहे. एवढे वजन एवढ्या उंचीवर चढवायला नुसत्या गणितानेच पावणेचार युनिट लागतात. बोरघाट उतरताना त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो, चढताना मोटारीतली तूटही भरावी लागते, आणि जाण्या-येण्यात सहा-सात युनिटांचा फरक पडतो. परतीच्या वेळी टक्केवारी भराभर उतरताना दिसली तर बॅटरीला काही झालेले नसते.

सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये चार्जर बसवणे हे तंत्रज्ञानापेक्षा व्यवस्थापन समितीच्या बैठकांचे काम आहे. ना-हरकत पत्र, स्वतंत्र मीटर, केबल कोणाच्या गाडीवरून जाणार, या सगळ्यातून एकदा पार पडले की रात्री गाडी लावावी आणि सकाळी भरलेली घ्यावी, इतके ते सोपे होते. खर्चाच्या बाजूने जीएसटी ५ टक्के आहे, आणि महाराष्ट्राच्या २०२५च्या धोरणात द्रुतगती मार्गावरील टोलमाफीची तरतूद आहे. तीस लाखांवरील विद्युत गाड्यांवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव त्याच वर्षी मार्चमध्ये अर्थसंकल्पात आला होता, तो त्याच अधिवेशनात मागे घेण्यात आला. आमच्यासारख्यांना सवलत का द्यावी, हा प्रश्न रास्त आहे, पण तो या लेखाचा विषय नाही. एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. एवढी प्रचंड बॅटरी पोटात असूनही ही गाडी बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवाचून जागी होत नाही, आणि ती बसली की दारसुद्धा मुकाट्याने उघडत नाही. शिवाय स्टेपनी नसते. रुंद, पातळ कडेचे टायर आणि पावसाळ्यातले खड्डे यांचा विचार करून मगच चाकांचा आकार निवडावा. शोरूममध्ये एकवीस इंची चाके देखणी दिसतात.

आता अ‍ॅडास. एसएई या अमेरिकी संस्थेच्या वर्गीकरणात शून्य ते पाच अशा स्वयंचलनाच्या पायऱ्या आहेत, आणि भारतात आज विकत मिळणारी कोणतीही गाडी दुसऱ्या पायरीच्या वर नाही. या पायरीवर गाडी वेग आणि दिशा दोन्ही सांभाळू शकते, पण नजर ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाची राहते. किंमत वाढली म्हणून पायरी बदलत नाही. चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्राच्या विद्युत गाड्यांतही दुसऱ्या पायरीचेच सहाय्य आहे आणि त्या माझ्या गाडीच्या कितीतरी कमी किमतीत येतात. जास्तीच्या पैशांत अधिक चांगले कॅमेरे, अधिक रडार आणि जास्त मुलायम ब्रेक मिळतो. जबाबदारी मात्र तसूभरही कमी होत नाही. तिसऱ्या पायरीवर ठरावीक वेळापुरती रस्त्यावरून नजर काढण्याची कायदेशीर मुभा असते. जर्मनीत मर्सिडीजला २०२१च्या डिसेंबरमध्ये अशी परवानगी मिळाली, पण तीही फक्त ऑटोबान या तिथल्या महामार्गांच्या ठरावीक भागांत आणि ताशी ६० किलोमीटरपर्यंतच होती. नंतर ही मर्यादा ९५पर्यंत वाढवली गेली. टेस्लानेही आपल्या ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ या नावापुढे २०२४मध्ये ‘सुपरवाइज्ड’ हा शब्द जोडला. ज्या देशांत पट्टे ठसठशीत रंगवलेले आहेत आणि लोक लेन पाळतात, तिथे ही स्थिती असेल, तर औंधच्या परिहार चौकाकडून गाडीने किती अपेक्षा ठेवाव्यात, हे वेगळे सांगायला नको.

शहरात सर्वांत आधी निकामी ठरतो तो समोरच्या वाहनाशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल. यात अंतर मीटरमध्ये नव्हे तर सेकंदांत ठरवले जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, म्हणजे सर्वांत कमी अंतर निवडले तरी नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर माझ्यासमोर तीन-चार दुचाकी आणि एक रिक्षा सहज मावेल एवढी मोकळी जागा राहते. पुण्यात मोकळी जागा मोकळी राहत नसते. पहिला स्कूटरस्वार आत घुसतो, गाडी वेग कमी करून पुन्हा तेवढेच अंतर तयार करते, त्यात दुसरा घुसतो, आणि आपण रहदारीत चालता चालता मागे मागे जात राहतो. यंत्रणा तिच्या नियमाने अगदी बरोबर वागत असते. धोका आहे तो मागच्या बाजूने, कारण आपल्या बंपरला चिकटून येणाऱ्या दुचाकीस्वाराने समोरचा रस्ता पाहून अंदाज बांधलेला असतो की ही गाडी इथे ब्रेक मारणार नाही. ती मारते. म्हणून शहरात हा क्रूझ कंट्रोल आम्ही वापरतच नाही.

द्रुतगती मार्गावर चित्र बदलते, आणि तिथे मी या यंत्रणेचे मनापासून कौतुक करते. उर्से टोलनाक्यापासून लोणावळ्यापर्यंत पट्टे स्पष्ट आहेत, वळणे सौम्य आहेत, आणि रात्रीच्या परतीच्या प्रवासात वेग एकसारखा राखण्याचे काम गाडीने घेतल्यामुळे पाय आणि डोके दोन्ही कमी थकतात. घाटात वेगमर्यादा ६० आहे आणि कॅमेरे आहेत, त्यामुळे तिथेही वेग बांधून ठेवण्याचा उपयोग होतो. खंडाळ्याच्या धुक्यात मात्र काचेमागचा कॅमेरा हात टेकतो. पडद्यावर सूचना येते आणि गाडीला पट्ट्यांच्या आत ठेवणारे लेन-सहाय्य बंद होते, म्हणजे माणसाला सर्वांत कमी दिसते त्याच क्षणी गाडी कारभार त्याच्या हाती सोपवते. पावसात ओल्या डांबरावर समोरच्या दिव्यांची तिरीप पडली की जुने पुसलेले पट्टे आणि नवे पट्टे तिला सारखेच दिसतात, आणि स्टिअरिंग हलकेच नको त्या बाजूला ओढले जाते.

याहून गंभीर मर्यादा उभ्या वाहनांची आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय कोणीही ही यंत्रणा चालू करू नये. रडारला हलणारी वस्तू तिच्या वेगावरून चटकन वेगळी काढता येते. पण रस्त्यावरचे फलक, पुलांचे लोखंड, दुभाजकाचे कठडे या सगळ्या स्थिर वस्तूंवरूनही लहरी परत येतात, आणि त्या प्रत्येकीला अडथळा मानले तर गाडी दर किलोमीटरला ब्रेक मारील. त्यामुळे मोठ्या वेगात स्थिर वस्तूंकडून आलेल्या संकेतांना कमी महत्त्व दिले जाते आणि भिस्त कॅमेऱ्यावर राहते. आता आपल्याकडचा बिघडलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि त्रिकोणी फलकाच्या जागी ठेवलेले दोन दगड आणि झाडाची फांदी. फांदी पाहिली की आपल्याकडचा कोणताही चालक काय ते समजतो. गाडीला फांदीचा अर्थ माहीत नाही. त्यातही सर्वांत वाईट प्रसंग म्हणजे आपल्या पुढची गाडी शेवटच्या क्षणी लेन बदलते आणि तिच्याआड लपलेला उभा ट्रक एकदम समोर येतो. गाडीसोबतच्या पुस्तिकेत याबद्दल स्वच्छ इशारा दिलेला असतो, परंतु ती पुस्तिका आता पडद्याच्या आत कुठेतरी असते आणि विक्रेता ती उघडून दाखवत नाही.

रस्त्याची आपली एक अलिखित भाषा आहे, ती या कॅमेऱ्यांना येत नाही. ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो उजवीकडे वळणार आहे की आपल्याला पुढे जाण्याची परवानगी देत आहे, हे रस्ता, वेग आणि क्लीनरचा खिडकीबाहेरचा हात पाहून ठरते. ट्रकच्या मागे वेगमर्यादेचा गोल स्टिकर असतो, तो आमची गाडी कधीकधी रस्त्याचा फलक समजून वाचते आणि १००च्या रस्त्यावर ८०चा आकडा दाखवू लागते. हा प्रकार निरुपद्रवी आहे, पण फलकानुसार वेग आपोआप बदलण्याची सोय चालू असेल तर तो तसा राहत नाही.

आतापर्यंतचे सगळे मी स्वतः गाडी चालवताना पाहिलेले आहे. पण या श्रेणीच्या अनेक गाड्या पुण्यात मालक चालवत नाहीत, ड्रायव्हर चालवतो, आणि कंपन्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही. ताबा घेताना दोन तास माहिती दिली गेली ती मला. आमचे ड्रायव्हर काका त्या वेळी बाहेर खुर्चीवर बसवले गेले होते. नंतर एकदा सांगवीच्या अलीकडे बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गाच्या, कठड्याजवळ गाडी गचकन थांबली, मागच्या आसनावरची माझी कागदपत्रे पायांशी आली, आणि काका आरशात पाहून म्हणाले, “मॅडम, ब्रेक मी नाही मारला, गाडीनं मारला.” त्यांच्या आवाजात तक्रार कमी आणि खुलासा जास्त होता. विचार करण्यासारखी गोष्ट आहे : वर्षानुवर्षे सुरळीत गाडी चालवण्याचा ज्याला अभिमान आहे, त्याच्या कामावर मालकाच्या देखत यंत्र शिक्का मारते, आणि त्याने काय चुकवले हे कोणीच सांगत नाही. ते आता गाडी सुरू केली की पहिल्यांदा लेन-सहाय्य बंद करतात. युरोपातील नियमांमुळे अशा काही यंत्रणा दर वेळी आपोआप चालू व्हाव्या लागतात, तीच रचना आमच्या गाडीतही आहे. त्यामुळे हे बटण त्यांना रोज सकाळी दाबावे लागते. त्यातच रात्रीतून सॉफ्टवेअर बदलते आणि इशाऱ्याचा आवाज किंवा ब्रेकचा स्वभाव थोडासा वेगळा होतो. त्याची सूचना येते ती माझ्या फोनवर.

दुरुस्तीचा खर्च हा या तंत्रज्ञानाचा न बोललेला भाग आहे. पुढच्या काचेला खडा लागून तडा गेला तर नुसती काच बदलून भागत नाही, तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा नेमक्या कोनात जुळवावा लागतो आणि त्यासाठी ठरावीक सपाट जागा आणि लक्ष्यफलक लागतात. मागच्या बंपरच्या आत कोपऱ्यांवर रडार असतात, आणि वरून पुट्टी किंवा रंगाचा जाड थर चढला तर त्यांच्या लहरी नीट जात नाहीत. आपल्याकडे बंपरला ओरखडा पडणे ही पाऊस पडण्याइतकी स्वाभाविक गोष्ट आहे. पण ओळखीच्या गॅरेजमधून डेंटिंग-पेंटिंग करून घेतले तर बाजूच्या वाहनाचा इशारा देणारी यंत्रणा अर्धवट आंधळी होऊ शकते, आणि ती तसे सांगेलच असे नाही. आमच्या बंपरचे काम अधिकृत केंद्रात झाले, तरी रडार तपासल्याची लेखी नोंद मागून घ्यावी लागली.

एवढे सगळे असूनही ज्या गोष्टींची जाहिरातीत फारशी वाखाणणी होत नाही, त्यांनीच वर्षभर खरी मदत केली आहे. गाडी मागे घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाचा इशारा, चारी बाजूंचे दृश्य दाखवणारा कॅमेरा आणि महामार्गावर आरशाच्या टप्प्याबाहेरच्या वाहनासाठी लागणारा दिवा, या तिन्ही यंत्रणा स्टिअरिंगला हात लावत नाहीत. त्या फक्त दाखवतात आणि निर्णय आपल्यावर सोडतात. प्रभात रोडच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकींमधून ही लांबलचक गाडी बाहेर काढताना काकासुद्धा पडद्याकडे पाहतात, आणि त्यांनी तो कॅमेरा आजवर कधी बंद केलेला नाही.

गाडी घेण्याचा विचार असेल तर चाचणी-फेरी बाणेरच्या रुंद रस्त्यावर दुपारी घेऊ नये. संध्याकाळी आपल्या रोजच्या मार्गावर घ्यावी, गाडी जो चालवणार आहे त्यालाच चालवू द्यावी, आणि पुढची काच बदलून कॅमेरा जुळवण्याचा खर्च किती व त्याला दिवस किती लागतात, हे लेखी विचारावे. आमची गाडी मला आवडते. शांतता, ताकद आणि इंधनाचा खर्च या तिन्ही बाबतींत मी पेट्रोलकडे परत जाणार नाही. पुढच्या वेळी सहाय्य-यंत्रणांचे महागडे पॅकेज वेगळे घ्यायचे असेल तर मी ते वगळीन, आणि त्या पैशांत लहान चाके आणि चांगला कॅमेरा घेईन.