खिरणी मागितली की चिकू दाखवतात

बांधावर लावायला झाडं हवी होती, पण केशर आंबा आणि नारळ नको होते. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांची नावं घेतात ती हवी होती: खिरणी, गोंदण, भोकर, कवठ, टेंभुर्णी, गावरान बोर. आमचं रान बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, मुरमाड. विहिरीला होळीनंतर पाणी नावालाच असतं. अंबाजोगाईच्या बाजूला एका रोपवाटिकेत 'दुर्मिळ रानफळे' असा मोठा फलक लागलाय असं कळलं, म्हणून आम्ही दोघी गेलो. तिथलं बरंवाईट सांगते.

काउंटरवरचा मुलगा बोलायला गोड आहे. खिरणी म्हटलं तर त्याने चिकूची कलमं दाखवली. मी म्हटलं, "दादा, चिकू नको, खिरणी." तो म्हणाला, "मॅडम, ते एकच घराणं, चिकू घ्या, फळ तरी मोठं मिळंल." घराणं एक आहे हे खरं. पण मला वैशाखात पिकणारी ती पिवळी, बोटाच्या पेराएवढी फळं पाहिजे होती, जास्त खाल्ली की चिकाने ओठाला ओठ चिकटतो ती.

शेडच्या मागे गेलो तर खिरणीच खिरणी! ओळीने पिशव्या लावलेल्या. चिकूचं भेटकलम खिरणीच्या खुंटावर करतात, म्हणजे खाली मुळं खिरणीची आणि वर फांदी चिकूची, कारण खिरणी सावकाश वाढते पण चिवट असते आणि वर्षानुवर्षं टिकते. कलम जुळलं की खिरणीचा शेंडा छाटून टाकायचा. म्हणजे मराठवाड्यात आज खिरणीची सगळ्यात जास्त रोपं कुठे असतील तर बहुतेक अशा रोपवाटिकांतच, आणि तीही डोकं उडवण्यासाठी वाढवलेली. विक्रीच्या यादीत तिचं नावच नाही. मालकाने शेवटी खुंटाच्याच भावात दिली, हे मात्र मान्य करायला हवं.

तिथेच माती चाळत बसलेल्या एक मावशी भेटल्या. रोजंदारीवर येतात. या ठिकाणी जे काही घेण्यासारखं आहे त्यातलं निम्मं या मावशींकडे आहे, आणि काउंटरवर त्याचा पत्ता नाही.

आम्ही 'गोंदण' पाटीखालची दोन रोपं उचलली होती. मावशींनी लांबूनच हात हलवला. "ताई, ती गोंदण न्हाई, भोकर हाय. पान बघा की." भोकराचं पान रुंद आणि गोलसर. गोंदणीचं अरुंद, लांबट. भोकराचं फळ मोठं, फिकट. गोंदणीचं बारकं, नारिंगी. दोन्ही आतून चिकटच, त्यामुळे नुसतं ऐकून माहीत असलेला माणूस सहज फसतो. खरी गोंदण होती, पण बिनपाटीची, कोपऱ्यात. आत्याबाईंनी पान चुरगाळलं, मान डोलावली आणि दोन्ही घ्यायला लावली. भोकराचं लोणचं त्या अजून घालतात. बी काढताना हाताला मीठ चोळून घ्यायचं, नाहीतर बोटं एकमेकांना सोडत नाहीत. मावशी म्हणाल्या, तेच की. मग दोघींची जी गाडी सुरू झाली ती थांबेना, आणि मी ऐकत उभी राहिले.

मावशींनी सांगितलेलं थोडक्यात देते, कारण रोपांबरोबर मिळणाऱ्या छापील कागदावर यातलं अक्षरही नाही. खिरणीचं बी खाल्ल्यावर लगेच मातीत घालावं, ठेवलं की उगवत नाही. टेंभुर्णीचं एकच झाड लावून उपयोग नाही. नर वेगळा, मादी वेगळी, आणि रोपावरून ओळखू येत नाही. चारपाच जवळजवळ लावायची आणि बघायचं. तिचं सोटमूळ लांब जातं, पिशवीत ते गुंडाळतं, म्हणून शक्यतो बी जागेवरच टोकावं. बोराचंही तसंच: जागेवर बी लावून मोठ्या झाडावर डोळा भरलेला, म्हणजे हव्या त्या जातीची कळी सालीत बसवलेली, चांगला. चारोळीची कवची फोडल्याशिवाय बी हलत नाही.

चारोळी फलकावर आहे, वाफ्यात नाही. ती किनवट-माहूरच्या जंगलातली. आणून लावू म्हणतात, बघू.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट गावरान बोराची. ते विकायलाच नाही, सगळीकडे उमराण आणि तसलीच मोठी कलमी बोरं. पण कलम बोराच्या रोपांवरच होतं ना! जिथे डोळा जगत नाही तिथे खालून गावरान फूट येते. अशी फसलेली रोपं एका कडेला फेकून ठेवलेली असतात. मावशींनी ती दाखवली आणि आम्ही चहाच्या पैशात घेऊन आलो. संक्रांतीच्या सुगडात आणि बोरन्हाणाला आंबटगोड बारकं बोर पाहिजे असेल तर हाच रस्ता आहे.

फलकावर पहिलंच नाव सीताफळाचं आहे आणि त्याला 'आपले मूळ रानफळ' म्हटलंय. सीताफळावर माझं प्रेम आहे. बालाघाटचे डोंगर त्याने भरलेले आहेत, बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईत परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे आणि 'धारूर-६' हे वाण आपल्याच मातीतलं. पण झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांबरोबर आलेलं. डोंगरात पसरलं कारण शेळी त्याला तोंड लावत नाही. शेळी बोर खाते, खिरणीचे कोंब खाते. जे वाचलं ते पसरलं. दुर्मिळ म्हणून सीताफळ विकणं म्हणजे जरा अतीच झालं.

बिब्बा मागितला तर मालक हसले. "उततो हो, लोक भांडायला येतील." खरंय, बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात. पण त्याच बियांतून लाडवात घालायची गोडंबी निघते, आणि फळाचा फुगलेला पिवळाकेशरी देठ वाळवून खातात. आत्याबाईंनी हे मालकांना ऐकवलं. मालकांनी ऐकून घेतलं, बास.

आता रोपांविषयी. आम्ही मृगाच्या पावसावर लावली. बोर आणि भोकर जोमात आहेत. खिरणी जिवंत आहे, इतकंच म्हणता येईल. ती अशीच असते, घाई असणाऱ्याने घेऊ नये. कवठाची पानं अळ्यांनी फस्त केली, लिंबावर येतात त्याच फुलपाखराच्या. वेचून काढल्या, पुन्हा पालवी आली. पिशव्यांतली माती चांगली होती, पण दोन रोपांची मुळं तळाशी वेटोळी झालेली निघाली. जुना माल. घेताना पिशवीच्या बुडाला हात लावून बघा. छापील कागदात सगळ्या झाडांना एकच ठिबक आणि एकच विद्राव्य खत सांगितलंय. तो आंब्याचा कागद आहे, फाडून टाकला तरी चालेल.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दर रास्त आहेत, मालक अडून बसत नाहीत, आणि अशी झाडं एका जागी या भागात मला दुसरीकडे दिसली नाहीत. दीड कापला तो पाट्यांसाठी. मालकांना तोंडावरही सांगितलं, इथेही लिहिते: मावशींना अर्धा दिवस माती चाळायला न लावता पाट्या सांगायला बसवा, आणि त्याची मजुरी वेगळी द्या. मालक म्हणाले, "पाट्या पोरगा कॉम्प्युटरवर काढतो." काढू द्या की, नावं मावशींना विचारून काढू द्या.

जाणार असाल तर सकाळी जा. दुपारनंतर मावशी गेलेल्या असतात. आठवडी बाजाराच्या दिवशी तर येतच नाहीत. आणि सोबत घरातलं एखादं म्हातारं माणूस न्या, गाडीत पुढची सीट त्यांना द्या, रोपं मागे आडवी टाकली तरी चालतात.