फोर-बारचे कोन काढताना: फ्रॉइडनस्टाइन की न्यूटन-रॅफसन?
फोर-बार म्हणजे पिनांनी जोडलेल्या चार दांड्यांची यंत्रणा: फिरवायचा दांडा क्रँक, डोलणारा रॉकर, दोघांना जोडणारा कपलर आणि चौथा स्थिर. क्रँक ५० मिमी, कपलर १५०, रॉकर १२०, स्थिर पिनांमधलं अंतर १६०. क्रँक ६०° वर असताना रॉकर कुठे असेल?

क्रँक आणि रॉकरच्या कोनांना जोडणाऱ्या, फर्डिनांड फ्रॉइडनस्टाइन यांच्या १९५४च्या समीकरणात अर्ध्या कोनाची टॅन्जन्ट घातली की साधं वर्गसमीकरण उरतं. दोन्ही उत्तरं एकदम हाती येतात: उघड्या जोडणीत ९२.८७°, दांडे छेदणाऱ्या जोडणीत −१२८.४३°. अंदाजापासून सुरू करून फेरीफेरीने उत्तराजवळ जाणाऱ्या न्यूटन-रॅफसनला कपलरसाठी ३०° आणि रॉकरसाठी ९०° असा अंदाज दिला, तर दोन-तीन फेऱ्यांत तेच ९२.८७° मिळतं. ५-५ अंशांनी पुढे जात आधीचं उत्तर पुढचा अंदाज म्हणून वापरलं की पूर्ण फेराही सुरळीत होतो.

आता क्रँकची लांबी १२० मिमी करा. सर्वांत लहान आणि सर्वांत लांब दांड्यांची बेरीज २८०, उरलेल्या दोघांची २७०. म्हणजे ग्राशोफची अट (पहिली बेरीज दुसरीपेक्षा जास्त नसेल तरच एखादा दांडा पूर्ण फिरतो) मोडली. क्रँक सुमारे १४९° ला अडकतो, कारण तिथे कपलर आणि रॉकर एका रेषेत ताणले जातात. १५०° ला न्यूटन पन्नास फेऱ्या करून उत्तराविना थांबतो. आपला अंदाज चुकला होता, की मुळात यंत्रणा जुळणंच अशक्य आहे, हे त्यातून कळत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. फ्रॉइडनस्टाइनमध्ये वर्गमुळाखालची राशी ऋण होते आणि जोडणी अशक्य असल्याचं तिथेच स्पष्ट होतं.

अडकण्याच्या जरा अलीकडे धोका अधिक. न्यूटन प्रत्येक पावलात ज्याने भागतो, तो निर्धारक (डिटर्मिनंट) कपलर-रॉकरमधल्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतो, म्हणून तो शून्याकडे जातो, पाऊल भलतंच मोठं पडतं आणि उत्तर दुसऱ्या जोडणीत उडी मारू शकतं. शेष त्रुटी (उत्तर समीकरणात घातल्यावर उरणारा फरक) तरीही शून्यच दिसते. न्यूटन वापरणार असाल, तर प्रत्येक पावलाला निर्धारकाचं चिन्ह तपासा. ते बदललं म्हणजे जोडणी बदलली.

फ्रॉइडनस्टाइनची काळजीही घ्यावी लागते. टॅन्जन्टवरून कोन काढायला दोन-आर्ग्युमेंटचं आर्कटॅन (atan2) वापरलं तर वरच्या उदाहरणात −२६७.१३° येतं, त्यात ३६०° मिळवा, नाहीतर आलेखात खोटी उडी दिसते. नेमक्या अडकण्याच्या बिंदूवर राउंडिंगमुळे राशी किंचित ऋण येते, ती शून्य धरा.

वॅटच्या सिक्स-बारमध्ये (सहा दांड्यांच्या यंत्रणेत) दोन फोर-बार एकापुढे एक असतील, तर हेच समीकरण दोनदा वापरता येतं. सिक्स-बारच्याच स्टीफन्सन प्रकारातल्या ज्या रचनेत चालक दांडा चार दांड्यांच्या लूपबाहेर असतो, तिथे मात्र मीही न्यूटनच घेईन.