शुक्र की मंगळ? एका हिवाळ्याच्या निरीक्षणासाठी निवड करताना

पुण्यात राहून चार ते सहा इंची दुर्बीण हाताशी असलेल्या व्यक्तीने एका हंगामासाठी एकच ग्रह निवडायचा ठरवला, तर खरी निवड शुक्र आणि मंगळ या दोन शेजाऱ्यांतच होते. २०२६-२७ चा हिवाळा या तुलनेसाठी सोयीचा आहे, कारण तेव्हा दोन्ही ग्रह थोड्याथोड्या अंतराने चांगल्या स्थितीत येतात. मात्र दुर्बिणीतून काय दिसेल हे ग्रहाच्या अंतरापेक्षाही त्याच्या हवेवर अधिक अवलंबून असल्यामुळे तुलनेची सुरुवात तिथूनच करावी.

टक्केवारीच्या तक्त्यात हे दोन ग्रह जवळजवळ जुळे वाटतात. शुक्राच्या हवेत सुमारे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, मंगळाच्या हवेत सुमारे ९५ टक्के. उरलेल्यात शुक्रावर मुख्यतः नायट्रोजन आणि मंगळावर नायट्रोजनबरोबर आर्गॉन आहे. शालेय प्रदर्शनातील तक्ते बहुधा इथेच थांबतात आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट निसटते. शुक्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट आहे, म्हणजे समुद्रात जवळजवळ ९०० मीटर खोल गेल्यावर जाणवेल तितका. मंगळावर तो पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तापमानातही तसाच विरोध आहे: शुक्रावर रात्रंदिवस सुमारे ४६० अंश सेल्सिअस, तर मंगळावर सरासरी उणे ६० च्या आसपास, जरी विषुववृत्तावर भर दुपारी पारा क्वचित २० पर्यंत चढत असला तरी.

शुक्र सूर्याच्या जवळ आहे म्हणून तो तापतो, हे उत्तर अपुरे आहे. त्याचे ढग सूर्यप्रकाशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परत फेकतात, त्यामुळे प्रत्यक्षात शोषली जाणारी ऊर्जा पृथ्वीपेक्षाही कमी भरते. तापमान चढते ते त्या जाड थरातून उष्णता बाहेर पडू शकत नाही म्हणून. याच्या उलट मंगळावर प्रत्येक चौरस मीटरमागे पृथ्वीच्या वीसपटीहून अधिक कार्बन डायऑक्साइड असूनही हरितगृह परिणामाने तिथे जेमतेम पाचेक अंशांची भर पडते. कमी दाबाखाली हा वायू उष्णतेच्या प्रारणातील अगदी अरुंद पट्टेच अडवतो आणि मधल्या मोकळ्या जागा भरून काढणारी पाण्याची वाफ तिथे नावापुरतीच आहे. मंगळाला चुंबकीय कवच नसल्यामुळे त्याची हवा उडून गेली, असे सरसकट सांगितले जाते, पण तसे स्वतःचे कवच शुक्रालाही नाही. मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे एक-दशांश आहे आणि त्याची पकडच ढिली आहे, हा भाग अशा वेळी विसरला जातो.

निरीक्षकासाठी याचा अर्थ असा, की शुक्राची जमीन त्याला कधीच दिसणार नाही. गंधकाम्लाच्या थेंबांचे ढग तिला अखंड झाकून असतात. हे वरचे ढग साधारण चार दिवसांत ग्रहाला फेरी मारतात, तर खालची जमीन स्वतःभोवती उलट दिशेने फिरायला २४३ दिवस घेते. तिथली सुमारे अकरा किलोमीटर उंचीची मॅक्सवेल पर्वतरांग आपल्याला माहीत आहे ती रडारमुळे. व्हेनेरा १३ हे यान १९८२ मध्ये तिथे उतरले आणि १२७ मिनिटे टिकले, आणि त्या भट्टीत तेवढेही कौतुकास्पदच म्हणायला हवे. मंगळाची विरळ हवा मात्र जमीन दाखवते: ध्रुवावरची पांढरी टोपी आणि सिर्टिस मेजर हा गडद भाग सहा इंची दुर्बिणीतून शांत हवेत ओळखता येतो. सुमारे २२ किलोमीटर उंचीचा ऑलिंपस मॉन्स किंवा ४,००० किलोमीटर लांबीची व्हॅलेस मरिनेरिस दरी यानांच्या छायाचित्रांत जशी भासते तशी दिसेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. क्वचित धूळ सारा ग्रह झाकते, तेव्हा मंगळही शुक्रासारखाच मुका होतो. २०१८ च्या अशाच वादळात ऑपॉर्च्युनिटी या बग्गीशी संपर्क कायमचा तुटला.

आता वेळापत्रक पाहू. शुक्र १५ ऑगस्ट २०२६ रोजी संध्याकाळच्या आकाशात सूर्यापासून सर्वांत दूर असेल, पण पुण्यात तेव्हा पावसाळा असल्याने त्याचा भरवसा धरू नये. २४ ऑक्टोबरला तो सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून जाईल आणि नोव्हेंबरपासून पहाटे पूर्वेला दिसू लागेल. तेव्हा त्याची मोठी, नाजूक कोर असेल आणि ३ जानेवारीपर्यंत ती लहान होत होत अर्ध्या बिंबाला पोचेल. हा बदल तीन इंची दुर्बिणीतही दिसतो आणि दर आठवड्याला एक चित्र काढले तरी नोंदवही भरते. मंगळाची प्रतियुती (पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येण्याची वेळ) १९ फेब्रुवारी २०२७ रोजी, म्हणजे तारखेप्रमाणे शिवजयंतीच्या रात्री आहे. या वेळी तो सुमारे दहा कोटी किलोमीटरवर असल्याने त्याचे बिंब १४ विकलांच्या (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आतच राहील. २०३५ मध्ये ते जवळजवळ २५ विकलांचे होईल. मात्र पुण्याहून तो मध्यरात्री डोक्याजवळ असेल, हा मोठा लाभ आहे.

पहिलेच वर्ष असेल आणि दुर्बीण लहान असेल, तर मी शुक्र घ्यावा असे म्हणेन. ज्याच्याकडे सहा इंची दुर्बीण आहे आणि एका बिंबाकडे अर्धा तास न कंटाळता पाहण्याची तयारी आहे, त्याने मंगळ घ्यावा: त्याचा दिवस २४ तास ३७ मिनिटांचा असल्यामुळे रोज एकाच वेळी पाहिल्यास जवळजवळ तोच भाग थोडा सरकून समोर येतो आणि सगळा ग्रह पाहायला पाचेक आठवडे लागतात. शहराचा उजेड दोघांनाही फारसा बाधत नाही, त्यामुळे सिंहगड गाठण्याची गरज नाही. बाधतो तो दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब, म्हणून मंगळासाठी रात्री अकरानंतरच दुर्बीण लावावी. शुक्र पाहताना सूर्योदयापूर्वी नजर आणि दुर्बीण दोन्ही बाजूला घ्यावीत.