कोरेगाव पार्कातील ग्रीक उपाहारगृह आणि आमची सून

ऑस्ट्रेलिया आणि ग्रीस यांच्यातील १९५२च्या स्थलांतर करारानंतर ग्रीसमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या हजारो कुटुंबांपैकी एका कुटुंबात, मेलबर्नमध्ये वाढलेली आमची सून दर शनिवारी ग्रीक शाळेत जात असे. इतर दिवशी मात्र डब्यातली स्पॅनाकोपिटा, म्हणजे पातळ पापुद्र्यांत पालक आणि फेटा चीज भरून भाजलेला पदार्थ, वर्गमैत्रिणींपासून लपवीत असे. कोरेगाव पार्कातील या लहानशा उपाहारगृहात तोच पदार्थ तिने आम्हा सर्वांना अभिमानाने वाढला. पापुद्रे खुसखुशीत होते. सारणात शेपू कमी पडला, हे तिचे मत मलाही पटले. पांढऱ्या घेवड्याचे फासोलादा सूप अप्रतिम आहे. ते ग्रीकांच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथातील उपवासातही चालते, हे ऐकून माझ्या पत्नीने लगेच आपल्या एकादशीचा विषय काढला. रविवारी गर्दी असते, त्यामुळे सातच्या आत पोहोचावे.