दुकानात पडून आहे तेच तुमचं माप: लोअर केलेल्या पोलोच्या चाकांची फसवणूक

लोअर केलेल्या, म्हणजे खाली बसवलेल्या, छोट्या गाडीला चाकं घेताना किमतीपेक्षा मापात जास्त फसवतात. बेळगावातल्या एका फोक्सवॅगन पोलोचं प्रकरण इथं सविस्तर देतोय, कारण या धंद्यातल्या बहुतेक युक्त्या त्या एकाच गाडीवर झाल्या. दुकान कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडल्यावरचं. नाव देत नाही. असली दुकानं नाक्याच्या अलीकडंही आहेत.

गाडीची मूळ मापं अशी: टायर 185/60 आर15 (रुंदी 185 मिमी, भिंतीची उंची तिच्या 60 टक्के, रिम 15 इंची), रिम 6 इंच रुंद, ऑफसेट 40 (रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, मिमीत), पाच बोल्ट 100 पीसीडीवर (100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर), हब, म्हणजे चाक बसतं तो मधला गोल उंचवटा, 57.1 मिमी. दुकानदारानं आधी गाडी 40 मिमी खाली बसवली. मग म्हणाला, "दादा, आता 17 शिवाय शोभत नाही बघा. 215/45 घालूया, गेलेला ग्राउंड क्लिअरन्सपण परत मिळतोय." त्याच्याकडं रॅकवर तो एकच सेट होता: 17 इंच, 7.5 जे (साडेसात इंच रुंद), ऑफसेट 35.

हिशेब कागदावर मांडला असता तर सौदा तिथंच मोडला असता. 185/60 आर15 चा व्यास 603 मिमी, 215/45 आर17 चा 625. म्हणजे त्रिज्येत 11 मिमी वाढ. 40 गेले आणि 11 आले, यालाच तो "परत मिळतोय" म्हणत होता. पण चाक आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यातली जागा मात्र 40 अधिक 11, म्हणजे 51 मिमीनं घटली. स्पीडोमीटर जिथं 100 दाखवायचा तिथं खरा वेग जवळपास 104. रुंदीचं गणित तर कुणी करतच नाही. रिमची निम्मी रुंदी घ्यायची आणि त्यातून ऑफसेट वजा करायचा, की बाहेरची कड कळते. तोच मिळवला की आतली. 6 इंची रिमची बाहेरची कड हबच्या तोंडापासून 36 मिमी होती, या 7.5 इंचीची 60. चाक 24 मिमी बाहेर आलं, 14 मिमी आत शिरलं.

गाडी पहिल्याच स्पीडब्रेकरला घासली. इथून पुढं या धंद्याची खरी कमाई सुरू होते. आधी फेंडरची आतली कड ठोकून दुमडली, त्याचे पैसे वेगळे. तिथला रंग तडकला. मग टायर आतून स्ट्रटला (स्प्रिंग-शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाला) लागतोय म्हणून हब आणि रिमच्या मधे 5 मिमीचा स्पेसर, म्हणजे चकती, घातला. चाक आणखी बाहेर आलं आणि परत फेंडरला लागलं. शेवटी "215 तुमच्या गाडीला होत नाही" असं तोच सांगायला लागला, आणि 205/40 आर17 विकले. 215 परत घेतले ते निम्म्याहून कमी भावात. 205/40 चा व्यास 596, म्हणजे स्पीडोमीटर ठीक झाला. पण टायरची भिंत 111 मिमीवरून 82 वर आली. पावसाळ्यानंतरचा खड्ड्यांचा जांबोटी-चोर्ला रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको: पुढच्या डाव्या रिमची आतली कड वाकली.

स्टिअरिंग 80-90 च्या वेगाला थरथरायचं ते वेगळंच. त्यासाठी तीनदा अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे पैसे घेतले. मशिनवर चाक दर वेळी शून्य दाखवायचं. रिमचं मधलं भोक 73.1 मिमीचं आणि गाडीचा हब 57.1 चा. बॅलन्सिंग मशिनचा कोन त्या मोठ्या भोकात बरोबर मध्यभागी बसतो, म्हणून तिथं दोष दिसत नाही. गाडीवर मात्र चाक हबवर नेमकं न बसता नुसतं बोल्टवर लोंबतं. उपाय म्हणजे बाहेरून 73.1, आतून 57.1 अशी हब रिंग. उद्यमबागेत लेथवाल्याकडं ॲल्युमिनियमची करून मिळते. व्हर्नियरनं आपलं माप घेऊनच टाकायला सांगा.

बोल्टची गफलत त्याहून वाईट. पोलोचे मूळ बोल्ट 14×1.5 चे (14 मिमी जाड, आटे 1.5 मिमीवर), त्यांची बसायची जागा गोल, चेंडूच्या आकाराची. बाजारातल्या बहुतेक अलॉय रिमची जागा 60 अंशांच्या शंकूची. गोल बोल्ट शंकूत बारीक रेघेवर टेकतो, पान्याला घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चालवताना सैल होतो. या गाडीला जुनेच बोल्ट लावले होते, वर स्पेसर. म्हणजे दर बोल्टची 5 मिमी पकड गेली. 14×1.5 चा बोल्ट हातानं निदान 8 फेरे आत गेला पाहिजे. पुढं टॉर्क रेंचनं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं) 120 न्यूटन मीटर, आणि 50-100 किलोमीटरनंतर परत तपासणी. शंकूचे बोल्ट घेतले तरी मूळचे पाच डिकीत ठेवा, कारण स्टेपनीची पत्र्याची रिम गोल बोल्टवरच बसते.

स्प्रिंगा "लोअरिंग किट" म्हणून बिलात लावल्या होत्या. चाक काढून बघितलं तर मूळच्याच, एक वेटोळं कमी केलेल्या. टोक ग्राइंडरनं सपाट कापलेलं, शेजारी गॅसनं तापवल्याची निळसर झाक. अशी स्प्रिंग तिच्या सीटमध्ये नीट बसत नाही. गाडी जॅकवर घेतली की हातानं फिरते. तापवलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढं आणखी बसते. खऱ्या लोअरिंग स्प्रिंगवर कंपनीचा पार्ट नंबर असतो, आणि टोक मूळ स्प्रिंगसारखंच वळवलेलं असतं.

टायर "इम्पोर्टेड, नवीन" होते. चकचकीत पॉलिश मारलेले. तारखेचा चार आकडी कोड बाहेरून दिसतच नव्हता, कारण पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो आणि फिटर ती बाजू आत घालतो. काढून बघितलं तर 2216, म्हणजे 2016 सालचा 22 वा आठवडा. आतून एक पॅचही निघाला. भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या कार टायरवर आयएसआयची खूण बंधनकारक आहे. इथं ती नव्हतीच. तेव्हा टायर रिमवर चढायच्या आधी हातात घ्या, दोन्ही भिंती वाचा आणि आत बॅटरीचा उजेड टाकून बघा. रिमही तशीच. आतल्या बाजूला माप, ईटी (म्हणजे ऑफसेट) आणि वजन पेलण्याचा आकडा ओतलेला असावा. तिथं जाड रंगाखाली वेल्डिंगचा फुगवटा लागला तर हात लावू नका, फुकट दिली तरी.

आता आपल्या रस्त्यांवर या गाडीला काय चालतं? 30 मिमीपेक्षा जास्त खाली नेऊ नका. चाक 15 इंचीच ठेवून 6.5 जे रिमवर 195/55 आर15 घाला: व्यास 595, भिंत 107 मिमी, आणि हा टायर 85 भारांकाचा, म्हणजे 515 किलो पेलणारा मिळतो. मूळचा 84 म्हणजे 500 किलो, त्याच्या खाली कधीच जायचं नाही. 16 हवंच असेल तर 195/50 आर16, व्यास 601, रिम 6.5 किंवा 7 जे, ऑफसेट 40 ते 45. भिंत 97 मिमी उरते, खड्डा जपून घ्यावा लागतो. 17 इंच या गाडीला फोटोपुरतं.

पैसे मोजण्याआधी एक चाक लावून बघू द्या म्हणा. फेंडरच्या आतल्या कडेला मळलेल्या कणकेची पट्टी चिकटवा, चौघं आत बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून स्पीडब्रेकरवरून न्या. कणीक 5 मिमीपेक्षा पातळ झाली तर ते माप नको. दुकानदार "एकदा चढवला की टायर परत नाही" म्हणाला, तर नुसती रिम लावून कडांची मापं तरी घ्या. तेही नको म्हणत असेल तर उठा. आरटीओ आणि विम्याची गोष्ट दुकानदार काढणारच नाही: मूळ रचनेत बदल करण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागतं, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी नडतो.

पैसे मागायला गेल्यावर उत्तर मिळालं, "तुमची केए पासिंग, आमचं दुकान एमएचमध्ये. केस कुठं घालणार?" ही निव्वळ धमकी आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे बेळगावातच, दावा करता येतो. मुदत दोन वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. या प्रकरणात अडलं ते पावतीवर. कच्च्या चिठ्ठीवर "अलॉय + टायर + किट" एवढंच लिहिलेलं होतं, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. बिलावर रिमचं माप, ऑफसेट, टायरचं माप आणि चारही तारखेचे कोड लिहून घ्या. आणि मूळची 15 इंची चाकं एक्स्चेंजला देऊ नका. या मालकाला आता तीच चाकं भंगारवाल्याकडून विकत घ्यावी लागताहेत.